डावी वेणी

मालुबाईंनी पदराच्या गाठीतून चष्मा काढून काउंटरवर ठेवला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजत आले होते. उजवी काडी निखळली होती आणि तिच्या जागी पांढरा दोरा गुंडाळलेला होता. महावीर मगदूमनं दोरा कापला, खणातून एक बारीक स्क्रू काढून चिमट्यात धरला आणि मान खाली घालून तो बसवू लागला. बेळगावच्या कॅम्पातल्या त्याच्या चष्म्याच्या दुकानात या वेळेला गिऱ्हाईक नसायचंच. अजून अर्ध्या तासानं शटर अर्धं ओढून तो अनगोळला घरी जायचा, जैन घरातल्या नेमाप्रमाणं दिवस मावळायच्या आत मुलीबरोबर, त्रिशलाबरोबर, जेवायचा आणि परत यायचा. मालुबाई त्रिशलाच्या शाळेत आया होत्या. घंटा देणं, वर्ग झाडणं, बालवाडीच्या पोरांना सांभाळणं ही त्यांची कामं. त्यामुळे त्या दुकानात आल्या की शाळेचं काहीबाही सांगत बसायच्या आणि तो हूं हूं करत राहायचा.

"तुमची त्रिशला लई गुणाची बघा, अण्णा," मालुबाई म्हणाल्या. "पंधरा दिस झालं, रोज पहिल्या तासाला भायेर उभारतीया, पर तोंडातनं एक शब्द न्हाय. दुसरी पोरं रडत्यात, घरात सांगतो म्हणत्यात. ही आपली नळाजवळ गप उभी."

चिमट्यातला स्क्रू निसटला आणि काचेवर टक् करून कुठंतरी गेला.

"भायेर? कशाला?"

"वेण्यांसाठनं की. माधवी टीचरचा नेम हाय न्हवं? दोन वेण्या, दोन्ही सारख्या, वर दुमडून रिबिनी. तुमच्या पोरीची डावी रोज ढिल्ली." मालुबाईंनी चष्म्याशिवायचे डोळे बारीक करून त्याच्याकडं पाहिलं. "तुम्हास्नी ठावं न्हाय व्हय?"

"ठाऊक आहे की," महावीर म्हणाला आणि स्क्रू शोधायला खाली वाकला.

काउंटरखाली वाकलेल्या त्या अवस्थेत तो गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला. समोर मालुबाईंची झिजलेली चप्पल आणि फरशीवरची धूळ. पंधरा दिवस. म्हणजे अगदी पहिल्या दिवसापासून. दिवाळीनंतर ताराची, त्याच्या बायकोची, बदलीची ऑर्डर आली होती. तारामती सरकारी कन्नड शाळेत शिक्षिका. निपाणीच्या पलीकडचं एक खेडं मिळालं. रोज बेळगावहून जाणं-येणं झेपणारं नव्हतं, म्हणून ती सोमवार ते शनिवार निपाणीला माहेरी राहायची आणि शनिवारी संध्याकाळच्या बसनं यायची. स्वयंपाकाचं, कपड्यांचं, दुधाचं सगळं तिनं कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलं होतं. वेण्यांचं लिहिलं नव्हतं. पहिल्या सोमवारी सकाळी त्रिशला कंगवा, तेलाची बाटली आणि दोन काळ्या रिबिनी घेऊन त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "येतं का पप्पा तुम्हाला?" "न यायला काय झालं? रोज बारीकबारीक स्क्रू बसवतो मी." आणि ती स्टुलावर पाठ करून बसली होती. आठवीतली मुलगी. इतक्या वर्षांत त्यानं तिच्या केसांना कधी असा हात लावला नव्हता. लहानपणी डोक्यावरून फिरवला असेल तेवढाच. केस दाट होते, ताराचेच, आणि हातात घेतले की पाण्यासारखे कुठूनही निसटायचे. लोकांच्या कानशिलांवरचे केस बाजूला सारून चष्म्याची काडी कानामागं नेऊन बसवण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. म्हाताऱ्यांचे राठ केस, बायकांचे तेलकट, सैनिकांचे टोचणारे. हे केस तसे नव्हते. हे त्याच्या हातात विश्वासानं सोडून दिलेले होते. उजवी वेणी बरी जमायची. डावीला हात उलटा पडायचा. ती सुटायला बघायची, तो आणखी पीळ द्यायचा, रिबीन जोरात आवळायचा, आणि मग दोन पावलं मागं सरून म्हणायचा, "झकास!" ती आरशात न बघताच म्हणायची, "झकास."

ती दहा मिनिटं त्याला दिवसातली सगळ्यांत चांगली वाटायला लागली होती. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. ताराच्या जाण्यानं घर रिकामं झालंय असं तो फोनवर म्हणायचा, आणि ते खरंच होतं. पण सकाळी त्या स्टुलामागं उभं राहिलं की वाटायचं, ही बदली झाली नसती तर हे आपल्याला मिळालंच नसतं. आणि त्याच दहा मिनिटांमुळं त्याची मुलगी रोज नळाजवळ उभी राहत होती.

स्क्रू सापडला. त्यानं काडी बसवली, काचा पुसल्या, मालुबाईंच्या कानांमागं चष्मा नीट बसवून बघितला. पैसे घेतले नाहीत. त्या गेल्यावर दुकानात बसून राहिला. साडेपाच झाले, पावणेसहा झाले. रस्त्यावर दिवे लागले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, दिवस मावळला. आता जेवण नाही. घरी पोचला तेव्हा त्रिशला ताटं वाढून झाकून बसली होती. तीही जेवलेली नव्हती. "तू तरी जेवायचं होतंस की," तो म्हणाला. "तुम्ही येणार होता ना," ती म्हणाली, आणि सगळं परत डब्यांत भरायला लागली. नेहमीचीच ती, काळसर, लांब बोटांची, चालताना किंचित पाय ओढणारी. तो तिच्या पाठीकडं बघत राहिला. डावी वेणी खरंच ढिली होती. रिबीन कानाच्या वर यायला पाहिजे होती, ती मानेपर्यंत घसरली होती. दिवसभर तिनं ती तशीच ठेवली होती. बरोबरच्या पोरींनी सोडून नीट घालून देते म्हटलं नसेल का? म्हटलं असेल. तिचे स्वतःचे हात काय नव्हते? होते. तरी तिनं ती सोडली नव्हती. त्याला विचारायचं होतं. विचारलं असतं तर ती खोटं बोलली असती, आणि ते तिला बोलावं लागावं असं त्याला वाटेना. त्यानं फक्त विचारलं, "शाळा कशी होती?"

"छान."

तो पंधरा दिवस हेच विचारत होता आणि ती हेच सांगत होती.

शनिवारी शाळेत पालकांची सभा होती आणि तिथं त्याला बोलायचं होतं. ही आणखी एक गोष्ट. माधवी टीचरनी समर्थ नावाच्या एका मुलाचे कपाळावर आलेले केस क्राफ्टच्या कात्रीनं सगळ्यांदेखत कापले होते. त्याची आई, रचना, एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघणारी तरतरीत बाई, हिनं पालकांच्या ग्रुपवर मुलाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, हे कुणाला मान्य आहे? मग दोन दिवस ग्रुप पेटला. निम्मे म्हणाले मुलांच्या अंगाला हात लावायचा हक्क कुणालाच नाही, निम्मे म्हणाले शिस्त नको असेल तर मुलांना घरीच ठेवा. रचनाताई शिक्षण खात्याकडं द्यायचा अर्ज घेऊन सह्या गोळा करत होत्या. हेडमास्तरांनी महावीरला फोन केला होता. "मगदूम, तुम्ही बोला. तुमचं लोक ऐकतात." ऐकत होते हे खरं. गेल्या वर्षीच्या सभेत तो उभा राहून म्हणाला होता, आमचे हेब्बाळे मास्तर छडीनं फोडून काढायचे म्हणून आम्ही माणसांत आलो. आजच्या पालकांनी शिक्षकांचे हात बांधून ठेवलेत. शाळेनं खुशाल कान धरावा, आमची तक्रार असणार नाही. टाळ्या पडल्या होत्या. शेवटच्या ओळीत बसलेल्या शिक्षकांनी वाजवल्या होत्या. त्यांत माधवी टीचरही असणार.

त्या रात्री लवकरच अंथरुणावर पडला आणि हेब्बाळे मास्तर आठवत राहिला. निपाणीची शाळा, पत्र्याचं छप्पर, बाहेर तंबाखूच्या वखारींचा वास. छडीची गोष्ट तो इतक्या वेळा सांगत आला होता की ती आता त्याला दुसऱ्याच कुणाची वाटायची. आज पहिल्यांदा त्याला तिच्यामधून काढून टाकलेला भाग आठवला. छडी अभ्यासासाठी बसली नव्हती. केसांसाठी बसली होती. त्याचे आप्पा एका वखारीत मुकादम होते. रविवारी सकाळी आंघोळीच्या आधी ते त्याला मागच्या पायरीवर बसवायचे, जुनं धोतर गळ्याभोवती गुंडाळायचे आणि स्वतःच्या कात्रीनं त्याचे केस कापायचे. त्यांच्या बोटांना तंबाखूचा खकाणा कायमचा चिकटलेला असायचा. त्यानं शिंका यायच्या आणि शिंक आली की कात्री वाकडी जायची. मग आप्पा दुसरी बाजूही तेवढीच वाकडी करायचे, सारखी दिसावी म्हणून. सातवीत असताना हेब्बाळे मास्तरांनी त्याला पुढं बोलावलं, डोकं धरून वर्गाकडं वळवलं आणि म्हणाले, "हे काय उंदरानं कुरतडलंय?" वर्ग हसला. तोही हसला, म्हणून छडी. हे सगळं विसरता आलं असतं. विसरता आलं नव्हतं ते घरी गेल्यावरचं. आप्पा जेवत होते. तो दारातूनच ओरडला होता, "येत नाही तर कशाला कातरता? सगळे हसतात मला तुमच्यामुळं!" आप्पांनी घास खाली ठेवला. "बरं," म्हणाले. पुढच्या रविवारी त्याला चौकातल्या न्हाव्याकडं पाठवलं. त्यानंतर रविवारी सकाळी आप्पा मागच्या पायरीवर एकटेच बसायचे. कधी कोयता घासायचे, कधी नुसतेच. छडी तीन दिवसांत बरी झाली होती. छडीनं घडलो म्हणताना त्याला तेच झाकायचं होतं का? त्याला नक्की सांगता येईना. एवढंच कळत होतं, की तो सातवीतला पोरगा एका दिवसात धावत येऊन बापाला जे बोलला, ते त्याच्या मुलीनं पंधरा दिवस उभं राहूनही तोंडातून काढलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी त्यानं वेण्या घालायला अर्धा तास आधी सुरुवात केली. मोबाईलवर एका बाईचा व्हिडिओ लावून बाजूला ठेवला होता. "आज काय विशेष?" त्रिशलानं विचारलं. "काही नाही, जरा नवीन पद्धत बघू." डावी वेणी दोनदा घातली. दुसऱ्यांदा ती पहिल्यापेक्षा वाईट झाली. तिसऱ्यांदा घालायला वेळ नव्हता. "झकास!" तो म्हणाला तेव्हा आवाज चिरकला. "झकास," ती म्हणाली.

फाटकापाशी तिला सोडून तो नेहमीसारखा वळला नाही. स्कूटर समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी लावून उभा राहिला. धुकं अजून पुरतं उतरलेलं नव्हतं. अंगात स्वेटर असूनही बोटं गार पडली होती. प्रार्थना झाली, राष्ट्रगीत झालं, रांगा वर्गांकडं सरकायला लागल्या. आठवीच्या वर्गाच्या दारात माधवी टीचर उभ्या होत्या. फिकट निळी साडी, हातात वही, एकेका डोक्यावरून फिरणारी नजर. त्रिशला आली. टीचरनी तिच्याकडं नुसतं बघितलं, एक बोट डाव्या वेणीकडं नेलं, वेणीला लावलंही नाही. त्रिशलानं दप्तर आतल्या मुलीकडं दिलं आणि स्वतःहूनच पाण्याच्या नळांकडं चालू लागली. जणू तिची जागाच ती. भिंतीला पाठ न टेकता उभी राहिली. थोड्या वेळानं तिनं हात वर केला आणि डाव्या वेणीची घसरणारी रिबीन हळूच वर सरकवली. बस्स. वेणी सोडली नाही. रस्ता ओलांडून फाटकातून आत जायला त्याला वीस पावलं लागली असती. तो गेला नाही. गेला असता तर तिला कळलं असतं की त्याला कळलंय. असं त्यानं स्वतःला सांगितलं. पण त्याला आत जायची भीतीही वाटली होती, हेही खरं होतं. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस झेरॉक्सच्या दुकानाआड उभा राहून एका शाळेला भीत होता.

दुपारी त्यानं ताराला फोन केला. तिची मधली सुट्टी होती, मागं पोरांचा कन्नडमधला गलका. त्यानं सगळं सांगितलं. त्याला वाटलं होतं ती भडकेल, आत्ता येते म्हणेल. ती भडकली नाही.

"अहो, ऐकताय?" ती म्हणाली. "मीसुद्धा उभं केलंय पोरांना. गेल्याच आठवड्यात एका पोरीला मागच्या बाकावर एकटीला बसवलं. उवा होत्या डोक्यात. तिला विचारलंसुद्धा नाही, घरी डोकं कोण बघतं म्हणून."

"मग आता?"

"आता काय. आज तिला पुढं बसवते." मग थोड्या वेळानं, "रविवारी मी तुम्हाला शिकवते. एवढं काही अवघड नसतं. त्रिशलाला मात्र आत्ता काही विचारू नका. तिनं ठेवलंय ना मनात, तिचं तिला सांगू दे."

शनिवारी दुपारी सभेला वर्ग भरला होता. माणसं लहान बाकांवर गुडघे दुमडून बसली होती. मुलं बाहेर व्हरांड्यात खेळत होती, त्रिशलाही तिथंच होती. रचनाताई आधी बोलल्या. त्यांचा आवाज थरथरत होता, पण शब्द पक्के होते. "माझा मुलगा तीन दिवस टोपी घालून झोपला. केस वाढलेत हे मला चिठ्ठीत लिहून कळवता आलं नसतं? त्याच्या डोक्याला कात्री लावायचा अधिकार कुणी दिला?" मागून सांबरे गावचे भावकू उठले. साठी उलटलेला शेतकरी माणूस, नातू आदर्श नववीत. "ताई, तुमचं बराबर असंल," ते म्हणाले, "पर आमी म्हणतो मारा. मारा, केस कापा, काय बी करा. घरात पोरगं ऐकत न्हाय, हातात मोबाईल, डोस्क्यावर कोंबड्याचा तुरा. हितं तरी कुणाचं ऐकू दे." निम्मा वर्ग हसला, काहींनी माना डोलावल्या. हेडमास्तरांनी महावीरकडं बघून मान हलवली. माधवी टीचर फळ्याजवळ उभ्या होत्या. जवळून त्या त्याला वाटल्या त्यापेक्षा लहान दिसल्या, चाळिशीच्या आतल्याच, डोळ्यांखाली काळं, चष्म्याची डावी बाजू किंचित खाली कललेली. ती कललेली काडी त्याला सहन होईना. तो उभा राहिला.

"गेल्या वर्षी मी इथंच बोललो होतो," तो म्हणाला. "शाळेनं कान धरावा म्हणालो होतो. तुम्ही टाळ्या वाजवल्या." त्यानं मनात जुळवलेली वाक्यं होती, त्यांतलं एकही सापडेना. "माझी मुलगी आठवीत आहे. तिची आई बदलीच्या गावी असते. वेण्या मी घालतो. मला येत नाही घालायला. डावी तर अजिबात येत नाही. त्यासाठी ती पंधरा दिवस पहिल्या तासाला बाहेर उभी आहे. मला परवा कळलं. तेही तिच्याकडून नाही." कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. "ती माझ्या हाताची शिक्षा भोगतेय, टीचर. एवढंच सांगायचं होतं."

तो बसला. बाकाची कड मांडीत रुतली. माधवी टीचरनी वही छातीशी धरली होती.

"मी विचारलं होतं तिला," त्या म्हणाल्या. सगळ्यांना न सांगता त्यालाच सांगत असल्यासारख्या. "पहिल्याच दिवशी विचारलं, कोण घालतं वेण्या? म्हणाली, मीच घालते टीचर. मला वाटलं एवढी मोठी मुलगी, आळस करते. रोज विचारायची, उद्या नीट घालशील? हो म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी परत तेच. मला वाटायला लागलं, ही मुद्दाम करते." त्या थांबल्या. "मला वाटलं, ही माझी परीक्षा बघते."

मग हेडमास्तर बोलले, बरंच बोलले. शेवटी ठरलं ते एवढं, की केसांचा नियम राहील, पण कुणाला वर्गाबाहेर उभं करायचं नाही, कुणाच्या केसांना हात लावायचा नाही, काही असेल तर वहीत लिहून घरी कळवायचं. समर्थच्या केसांबद्दल माधवी टीचरनी रचनाताईंची माफी मागितली. रचनाताईंनी ती स्वीकारली, पण अर्ज पर्समध्ये ठेवला नाही. सभा उठल्यावर त्या महावीरपाशी आल्या. "आता तरी सही करा. तुमच्या मुलीचं तर माझ्या मुलापेक्षा जास्त झालंय."

"मी नाही करत, ताई," तो म्हणाला. "टीचरना हे बळ देणाऱ्यांत मीच पुढं होतो. मग माझ्याविरुद्धही अर्ज करावा लागेल." त्यांना ते पटलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं. कदाचित त्यांचंच बरोबर होतं. त्याला त्याची खात्री नव्हती.

पायऱ्यांवर भावकू चपला शोधत होते. महावीर शेजारी आला तेव्हा ते वर न बघताच म्हणाले, "मी शाळेत गेलतो चारच वर्सं. मास्तरनं एकदा असं हाणलं, की परत पाय ठेवला न्हाय. बैलं घेतली."

"आणि तरी मारा म्हणता?"

भावकूंनी चप्पल पायात सरकवली आणि हसले. त्या हसण्यात कसलाच तोरा नव्हता. "मग काय म्हणू? दुसरं काय म्हणायला येतंय मला शाळेत येऊन?" आणि ते नातवाला हाका मारत निघून गेले. महावीर त्यांच्याकडं बघत राहिला. इतका वेळ जो माणूस त्याला समोरच्या बाजूचा वाटत होता, तो एकदम आपल्याच घरातला वाटला.

व्हरांड्याच्या टोकाला माधवी टीचर त्रिशलापुढं उभ्या होत्या. तो पोचला तेव्हा त्या म्हणत होत्या, "खोटं का बोललीस तू माझ्याशी?" त्रिशला खाली बघत होती. मग टीचरचा आवाज उतरला. "चुकलं गं माझं. तू सांगितलं नाहीस, पण मीही नीट विचारलं नाही." त्रिशलानं मान हलवली. "असू दे, टीचर," असं काहीतरी म्हणाली. मग तिनं मान वर करून बापाकडं बघितलं आणि त्या नजरेनं महावीर जागच्या जागी थबकला. त्यानं आशा धरली होती ती सुटकेची, कदाचित थोड्या आनंदाची. ती रागावली होती. ओठ आवळून, डोळे भरून, खरीखुरी रागावली होती.

स्कूटरवर ती त्याच्या खांद्याला न धरता मागची दांडी पकडून बसली. अर्धा रस्ता गेला. सिग्नलला थांबल्यावर मागून आवाज आला, "सगळ्यांसमोर का सांगितलं?"

"तुला उगीच शिक्षा होत होती म्हणून."

"मला काही होत नव्हतं. नुसतं तर उभारायचं होतं." शेजारची रिक्षा घुरघुरत होती. "सगळे हसले तुम्हाला. खिडकीतनं ऐकलं मी. पप्पाला वेणी येत नाही म्हणून आता सगळ्या शाळेला कळलं."

"हसू दे की."

"मला नको," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला.

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. त्याला स्कूटर पुढं न्यावी लागली, वळता आलं नाही, तिच्याकडं बघता आलं नाही. पंधरा दिवस ती काय राखत होती ते त्याला तेव्हा कुठं कळलं. आणि त्यानं ते भर सभेत, तिला न विचारता, चांगल्या मनानं उघडं केलं होतं.

संध्याकाळी तारा आली. रविवारी तिनं त्याला शिकवलं. त्रिशला मधे बसली, आईशी बोलली, त्याच्याशी नाही. भांग पाडताना शेपटीचा कंगवा कसा धरायचा, तीन पेड सुरुवातीलाच सारखे करायचे, डावी घालताना आपण स्वतः डावीकडं सरकायचं, हात वाकडा करायचा नाही. "इतकी वर्षं दुकानात माणसांभोवती फिरून चष्मे बसवता," तारा हसून म्हणाली, "आणि पोरीच्या मागं खांबासारखे एका जागी उभारता होय?" तो सरकला. वेणी बरी झाली. त्रिशलानं हातानं चाचपून बघितली आणि काही न बोलता उठून गेली. "राहू दे," तारा म्हणाली, "येईल."

सोमवारी पहाटेच्या बसनं तारा गेली. घर परत दोघांचं झालं. त्यानं डबा भरला, दूध तापवलं, कपडे वाळत घातले, आणि मग करायला काही उरलं नाही तेव्हा बैठकीच्या खोलीत जाऊन उभा राहिला. आज ती स्वतःच घालेल, असं त्यानं धरून ठेवलं होतं. घातल्या तर घालू दे. तेही बरंच, त्यानं मनाला सांगितलं, आणि मन ऐकेना.

आठ वाजता ती कंगवा, तेल आणि रिबिनी घेऊन आली. स्टूल ओढलं, पाठ करून बसली. त्यानं केस हातात घेतले. भांग पाडला, उजवी घातली, मग आठवणीनं डावीकडं सरकला आणि कंगवा वरून खाली ओढला.

"दुखतंय," त्रिशला म्हणाली.

त्याचा हात थांबला. "कुठं?"

"इथं." तिनं बोट लावून दाखवलं. "तुम्ही वरनंच ओढता. गुंता खालनं सोडवायचा असतो."

"बरं." त्यानं केसांची टोकं मुठीत धरली आणि खालून विंचरायला लागला. "आता?"

"आता बरं आहे." मग ती बोलायला लागली, आधी तुटक, मग भराभर. "आणि तेल लई घालता. पहिल्या तासाला कपाळावर येतं. आणि रिबीन ओलीच बांधता, मान गार पडते. रोज डब्यात मटकी नको. नळाजवळ लई थंडी वाजायची. मुली विचारायच्या आम्ही घालून देऊ का, मला त्यांचा राग यायचा. आणि परवा तुम्ही सांगितलं ते मला अजिबात आवडलेलं नाही."

"होय," तो म्हणाला.

"मला विचारायचं तरी."

"चुकलं माझं. विचारायला पाहिजे होतं."

ती वळली नाही. पण खांदे, इतका वेळ ताठ धरलेले, खाली आले आणि डोकं किंचित मागं, त्याच्या हाताकडं कललं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वीस झाले होते, शाळेला आज उशीर होणार होता आणि तो वहीत लिहून घरी कळवला जाणार होता.

"अजून काही?" त्यानं विचारलं.

"लई आहे," त्रिशला म्हणाली.

"सांग," महावीर म्हणाला, आणि अर्धी वेणी हातात तशीच धरून तो तिच्या शेजारी जमिनीवर बसला.